कोंबड्या ठेवल्या, पोरं नेली

गाडी उद्या येणार म्हणून करंजपाड्यातल्या बाया आज कोंबड्या धरत होत्या.

मोकळी कोंबडी दिवसा हाताला लागत नाही. ऊन कललं की, ती झाडावर चढायच्या आधी, तिला गाठायची. जानी पदर खोचून आंब्याच्या बुंध्याशी वाकली होती. समोरून तिची पोर वर्षाली हात पसरून येत होती. कोंबडी वर्षालीच्या पायांमधून निसटली आणि कुडावरून पलीकडं उडाली.

“पोर हायस का कुडातलं भोक?” जानी बोलली.

वर्षाली हसली. मग कोंबडी तिनंच धरली, पंख दाबून. जानीनं जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला आणि कोंबडीच्या पायाला चिंधी बांधली. जानीच्या घराची चिंधी लाल, तुकाच्या घराची हिरवी, पलीकडच्यांची पिवळी. चिंध्या बांधलेल्या कोंबड्या डालग्याखाली घालून सगळे डालगे चंद्राच्या दारात जायचे. पाडा परत येईपर्यंत राखण चंद्राकडं.

जगायला

करंजपाडा सूर्यमाळच्या खालच्या अंगाला. इथं कोणाच्या नावावर जमीन नाही. दुसऱ्याचा भात कापून, झोडून झाला की हाताला काम उरत नाही. मग दिवाळीनंतर पाडा जगायला जातो. जगायला म्हणजे भिवंडीच्या बाजूला, वीटभट्टीवर. नवरा-बायकोची जोडी लागते, एकानं चिखल मळायचा, एकानं साच्यात थापायचा. पोरं बरोबर असतातच. ओली वीट उन्हात उलटायला पोराचा हात बरा. मोठ्याच्या हातात ती मोडते.

राखणीचा एक रिवाज आहे. कोंबडी मेली, मुंगसानं नेली, रोगानं गेली, तर तिचा चिंधीचा पाय तोडून चुलीवरच्या धुरात टांगायचा. मालक आला की दाखवायचा. पाय असला की पुढं काही विचारायचं नाही. पाय नसला तर कोंबडी राखणाऱ्यानं खाल्ली.

रोही

चंद्राचा नवरा मागंच वारला. तिचं एकच लेकरू, रोही.

रोही झाली तेव्हा मुलगा झाला म्हणून नारळ फोडला होता आणि नाव रोहिदास ठेवलं होतं. चालायला लागल्यापासून ती पोरींत. पाण्याला जायची तर पोरांसारखी खांद्यावर कावड नाही, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंडा. चंद्रानं एकदा मारून पाहिलं. एकदा भगताकडं नेलं, त्यानं कोंबडं घेतलं आणि अंगारा दिला. मग चंद्रानं मारही सोडला आणि भगतही. लेकरू आपलं हाय, कोंबडं वाया गेलं, एवढंच ती बोलली.

आश्रमशाळेत मात्र भगत नव्हता, पोरांचा हॉल होता. रोहीचं अंथरूण ओलं करून ठेवायचे. तिला चड्डीवर चालायला लावायचे आणि मागून टाळ्या वाजवायचे. ती मोरीच्या पायरीवर बसून झोपायला लागली. मुख्याध्यापकांनी चंद्राला बोलावलं आणि पोराला घरी न्या म्हणून सांगितलं, इथं शिस्त बिघडते.

चंद्रानं नेलं नाही. तिनं शाळेच्या कुंपणाबाहेर कारवीच्या कुडाचा झाप बांधला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली. रोही दिवसा वर्गात बसायची आणि संध्याकाळी कुंपणाच्या तारेखालून सरपटून आईकडं जेवायला, झोपायला यायची. मुख्याध्यापक रोज बघायचे. एके दिवशी त्यांनी तार थोडी वर उचलून बांधायला सांगितली. 

चंद्रा तिथं राहिली तोवर तिच्या कोंबड्या पाड्यानं राखल्या. जानी तेव्हा जगायला जात नव्हती, तिनं राखल्या.

रोहीची दहावी झाली. मग जव्हारला बारावी. तिथं शिलाईवाली मदीनाबी होती, तिच्या मशीनमागच्या खोलीत रोही राहिली, काजं केली, बटणं लावली. रोहीचा पहिला कुर्ता मदीनाबीनं शिवला. माप घेताना तिनं एकच विचारलं होतं, गळा गोल हवा का चौकोनी.

बाई

वस्तीशाळा आली तेव्हा शिक्षक पाड्यानंच निवडायचा होता. लाडक्या, जानीचा नवरा, पाड्याच्या वतीनं बोलायचा. त्यानं रोहीचं नाव दिलं. आसपासच्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख रोहीकडं बघत राहिले आणि दुसरं कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. लाडक्यानं खरं ते सांगितलं, दुसरं कोणी सातवीसुद्धा नाही.

शाळा चंद्राच्या पडवीत भरली. घंटा म्हणून नांगराचा मोडका फाळ टांगला. केंद्रप्रमुख साहेब पहिल्या तपासणीला आले आणि पोरांना गुरुजी कुठं म्हणून विचारू लागले. पोरं बोलली, गुरुजी नाय, बाई हायत. साहेबांनी रोहीला बाजूला घेतलं. तपासणीच्या दिवशी तरी शर्ट-पॅन्ट घालत जा, मला वर उत्तर द्यावं लागतं, असं सांगितलं. आवाज चढवला नाही.

पुढच्या खेपेला रोही मेलेल्या बापाच्या शर्टात उभी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. साहेबांनी पाढे म्हणायला सांगितले. एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. काय झालं म्हणून साहेबांनी वर्षालीला विचारलं.

“आमच्या बाई आल्या का बोलू,” ती बोलली.

साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी रोहीला आत जाऊन कपडे बदलून यायला सांगितलं. पाढे नंतर ऐकले, सगळे.

जाताना मात्र बजावून गेले. दिवाळी ते पाऊस ही शाळा कुलपात असते. यंदा चैत्रात येईन तेव्हा पोरं दिसली नाहीत तर शाळा दुसऱ्या पाड्याला जाईल. पोरं मागं ठेवाल तर तांदूळ मिळेल. राखायचं माणूस तुमचं तुम्ही बघा.

दारोदार

म्हणून कोंबड्या धरायच्या त्या संध्याकाळी रोही दारोदार फिरत होती. प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं. पोरां ठेवा. मी आणि आये राखू, रांधून घालू. पोरांनी मागच्या दिवाळीला शिकलेलं पावसात परत पहिल्यापासून शिकवायला लागतंय.

प्रत्येक दारातून तिच्या हातात कोंबडी आली.

तुकानं आपला लहान्या ठेवतो म्हणून सांगितलं, पण त्यात मोठेपणा नव्हता. लहान्याचा एक पाय बारीक, उकिडवा बसता यायचं नाही, भट्टीवर त्याचा उपयोग नव्हता. जानी दारात घुटमळली. तिला वर्षालीला ठेवायचं होतं. ती नवऱ्याकडं बघत राहिली आणि लाडक्या फाट्याकडं बघत राहिला, कारण तिकडून मोटारसायकल येत होती.

भट्टीवर माणसं नेणारा कान्हा मुकादम उतरला. खाटेवर बसला, चहा घेतला. गाडी कुठं उभी राहील ते सांगितलं. मग पोरांचं त्याच्या कानावर आलं. तो आधी रोहीकडं बघून घेऊन बोलला.

“कोंबड्या ठेवा त्याच्याकडं. पोरां ठेवाल तर होळीला येशाल तवा सगळी पोरां लुगडं नेसून टाळ्या वाजवीत असतील. आन् रातचा तो पोरांना काय करील, कोण बघायला येतंय?”

चार माणसं हसली. लाडक्याही हसला, थोडा उशिरा.

रोहीच्या मांडीत हिरव्या चिंधीची कोंबडी होती. चिंधी सैल होती. तिनं गाठ सोडून पुन्हा घट्ट मारली, ओढून पाहिली, कोंबडी डालग्याखाली सोडली. मग उठून घरात गेली. चंद्रा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भाकरी तव्यावर टाकून तिनं पिठाचा हात तसाच रोहीच्या पाठीवर ठेवला. कुर्त्यावर पांढरा पंजा उमटला आणि रात्रभर तसाच राहिला.

सकाळ

कोंबड्या ठेवल्या. पोरं नेली.

फाळ

दुसऱ्या दिवशी रोहीनं फाळ वाजवला.

पडवीत लहान्या एकटा. समोर अंगणात पाड्याच्या कोंबड्या. चंद्रानं विचारलं, कोणासाठी वाजवतेस. रोही बोलली, शाळा हाय ना. मग रोजच वाजायचा. पुढंपुढं फाळ वाजला की कोंबड्या धावत यायच्या, कारण शाळा भरताना लहान्या त्यांना कोंडा टाकायचा. जितक्या आल्या तितक्या तो मोजायचा. बेरीज त्याची कोंबड्यांवर झाली, वजाबाकी मुंगसावर.

मुंगसानं लाल चिंधीची कोंबडी नेली, पायासकट. अंगणात चार पिसं राहिली.

रोही पिसांच्या मागानं निघाली. करवंदीच्या जाळीत पालथी पडून आत शिरली, काटे केसांत अडकले, कुर्त्याची बाही फाटली. दगडाच्या एकेका फटीत हात घातला. चंद्रा उन्हातून पाणी घेऊन आली तेव्हा रोहीच्या हातांवर रक्ताच्या रेघा होत्या. एका कोंबडीपायी मरतेस का, जानी काय बोलणार हाय तुला, चंद्रा बोलली.

रोही पाणी प्यायली.

“दुसऱ्याला कोण काय बोलणार नाय, आये. मला पाय पायजे.”

चंद्रानं हंडा खाली ठेवला आणि तीही जाळीत शिरली. ऊन उतरताना पाय सापडला, ओहळाच्या काठाला, लाल चिंधीसकट. तो त्यांनी चुलीवर टांगला.

थंडीत मर आली. कोंबड्या मान टाकायला लागल्या. रोहीनं आजारी कोंबड्या वेगळ्या डालग्यात काढल्या, लहान्याच्या हातून कोंडा वेगळ्या करवंटीत द्यायला लावला, रोज राख टाकून अंगण झाडलं. आसपासच्या पाड्यांतली खुराडी ओस पडली. करंजपाड्याची एक कोंबडी गेली, पिवळ्या चिंधीची. तिचाही पाय लाल चिंधीशेजारी टांगला.

बाकीच्या खुडूक बसल्या आणि त्यांनी पिल्लं काढली.

होळीला

होळीला भट्टी थांबते. सगळे आले.

पोरं गाडीतून उतरली तेव्हा खोकत होती. विटेच्या लाल धुळीनं केस ताठ झालेले, तोंडात ड्रायव्हर लोकांच्या हिंदी शिव्या. वर्षाली थेट पडवीत आली. लहान्या पाटीवर लिहीत होता. तिनं त्याच्या हातून पेन्सिल घेतली, पण तिला ती धरता येईना. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, भेगांत माती वाळली होती. तिनं पेन्सिल दोन्ही हातांनी धरून पाहिली. मग ठेवून दिली.

रोही चुलीशी गेली. करंजाचं तेल कोमट केलं आणि वर्षालीचा हात मांडीवर घेतला. एकेक बोट चोळलं. तेल भेगेत गेलं की वर्षाली श्वास ओढायची. तिचं झालं आणि मागं दुसरं पोर येऊन बसलं. मग तिसरं. पडवीच्या पायरीपर्यंत पोरांची रांग लागली. चंद्रा तेल तापवून देत होती.

जानी घर झाडायचं सोडून कुडाच्या फटीतून हे बघत होती.

पाय

होळीच्या दुसऱ्या सकाळी कोंबड्या परत द्यायच्या होत्या. सगळा पाडा चंद्राच्या अंगणात बसला. कान्हा मुकादमही आला होता, परतीची गाडी ठरवायला. त्याला खाट दिली.

लहान्यानं फाळ वाजवला. कोंबड्या पिल्लांसकट धावत आल्या आणि लोक हसले. चिंध्या बघून ज्यानं त्यानं आपल्या ओळखल्या. मग रोही आत गेली आणि धुरानं काळे झालेले दोन पाय घेऊन आली. पिवळ्या चिंधीचा पाय तिनं त्या घरच्यांना दिला, मर आली होती म्हणून सांगितलं. लाल चिंधीचा जानीसमोर धरला. हातावरचे काट्यांचे वण अजून गेले नव्हते.

“ही मुंगसानं नेली, काकी. राखण चुकली माझी.”

जानीनं पाय घेतला. चिंधीवरची काजळी अंगठ्यानं पुसून खालचा लाल रंग बघितला. जाळीतली हकिकत लहान्यानं तिला काल सांगितली होती.

“दोनच?” तिनं विचारलं.

दोनच, चंद्रा बोलली.

जानी उठली. तिला बोलायची सवय नव्हती. बोलायचं ते लाडक्या बोलायचा. ती पाय हातात घेऊन खाटेसमोर जाऊन उभी राहिली.

“मुकादमदादा, भट्टीवर दुपारची सावली कुठं असते?”

कान्हानं काय ते कळलं नाही असं तोंड केलं.

“गाडीखाली असते. माझी वर्षाली गाडीखाली झोपली होती. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. मी पाय धरून ओढली तिला, चाक तिच्या केसांवरून गेलं. तू तिथंच होतास. तू मला बोललास, पोरां सांभाळता येत नाय तर आणता कशाला.”

पाड्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं. लाडक्याला होतं. तो काडीनं जमीन उकरत होता.

जानीनं कोंबडीचा पाय मुकादमाच्या तोंडासमोर धरला.

“हिनं कोंबडीचा पाय जपून ठेवला. माझी पोर गेली असती तर तू मला काय दाखवलं असतंस?”

मुकादम उठला. बाया तोंडाला लागतात, पोरं नसली तर विटा कमी पडतील, मग मला सांगू नका, असं काहीबाही बोलला आणि लाडक्याला समजाव म्हणाला.

लाडक्या काडी टाकून उभा राहिला. त्याची मान अजून खालीच होती.

“कमी तर कमी. आमी दोघां थापू,” तो बोलला. मग, रोहीकडं न बघता, “बाईंना विचारा, किती पोरां ठेवता येतील.”

रोही म्हणाली, सगळी.

पाणी

मग दोन दिवस अडचणी निघाल्या. चैत्रात झरा आटतो, एवढ्या पोरांना पाणी कुठलं. पोरं आजारी पडली तर मोखाड्याच्या दवाखान्यात कोण नेईल. तुकाची बायको बोलली, माझा धाकटा झोपेत रडतो. रोही म्हणाली, मी पण रडायची, मला ठाऊक हाय काय करायचं. एका घरानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. त्यांनी आपला पोरगा नेला, आणि रोहीनं त्याला पाटी आणि पेन्सिल बांधून दिली.

कोंबड्यांचं जानीनंच काढलं. एवढी पोरं आणि वर कोंबड्या, दोन बायांनी काय काय राखायचं? कोंबड्या आपण नेऊ.

गाडीच्या सकाळी बाया उजाडायच्या आत झऱ्यावर गेल्या. आपापल्या घरातले हंडे, कळशा, तपेली, जे भांडं पाणी धरील ते भरून त्यांनी चंद्राच्या पडवीत आणून मांडलं. पडवीत बसायला जागा उरली नाही. गाडीत डालगे चढवले. फटींतून कोंबड्या माना बाहेर काढून बघत होत्या. ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला.

जानी गाडीत चढली आणि परत उतरली. वर्षालीसमोर बसून तिनं पदराचा काठ दातांनी फाडला. लाल. ती पोरीच्या पायाकडं वाकली, थबकली, आणि मग तिनं चिंधी वर्षालीच्या मनगटाला बांधली. पोरांनी ते पाहिलं आणि गलका केला. तुकाची बायको हिरवी चिंधी घेऊन उतरली. मग पिवळी. गाडी थांबून राहिली.

“येतो बाई,” लाडक्या वरून बोलला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत पोरं बांधावर उभी होती. धाकटी पोरं रडत होती. रोहीनं त्यांना रडू दिलं. मग लहान्यानं फाळ वाजवला. सवयीनं तो कोंड्याची करवंटी घेऊन अंगणात आला आणि तशीच ठेवून परत वळला.

पोरं हंड्यांमधून वाट काढत बसली. रोही एकेक नाव घेत गेली आणि चिंध्या बांधलेले हात वर होत गेले.